एकत्र मिळणे न सोडता

कोरोनाच्या काळात लागलेली एक सवय आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून अजून पुरती गेलेली नाही. 2020 च्या मार्चमध्ये चर्चची दारे बंद झाली, 12 एप्रिलचा पुनरुत्थानदिन (ईस्टर) आपण सर्वांनी घरातच मोबाइलच्या पडद्यासमोर बसून साजरा केला, आणि 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे पुन्हा उघडली तोवर कित्येक घरांत उपासना ही 'करण्याची' न राहता 'बघण्याची' गोष्ट होऊन बसली होती. पुढच्या वर्षी दारे पुन्हा बंद झाली आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा उघडली, पण सगळे बाक काही भरले नाहीत. त्या दिवसांत ऑनलाइन उपासनेने आम्हांला तगवले, याबद्दल मी देवाचे आभार मानते. मात्र आज हिंडती-फिरती, नोकरीला आणि बाजाराला जाणारी माणसेही जेव्हा म्हणतात, "देव काय चर्चमध्येच आहे का? मी घरी बायबल वाचते, प्रार्थना करते, तेवढे पुरे आहे," तेव्हा मन अस्वस्थ होते. हा प्रश्न विचारणारी माणसे आळशी नाहीत किंवा अविश्वासूही नाहीत. त्यांतल्या काहींच्या प्रार्थनाजीवनाबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच त्यांना उत्तरही तितक्याच मनापासून द्यायला हवे.

एकांतातल्या प्रार्थनेचे मोल कमी लेखण्याचा प्रश्नच येत नाही. खोलीत जाऊन, दार लावून, गुप्त ठिकाणी असलेल्या पित्याची प्रार्थना करण्याची आज्ञा स्वतः प्रभूनेच डोंगरावरील प्रवचनात दिली आहे आणि तो स्वतःही पहाटे उठून एकांतात जात असे. पण त्याच प्रभूविषयी शुभवर्तमानकार लूक चौथ्या अध्यायात सांगतो की, नासरेथात आल्यावर तो शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, 'आपल्या परिपाठाप्रमाणे' त्यांच्या सभास्थानात गेला. त्या दिवशी पुढे काय घडले ते आपण जाणतो. त्याचे बोलणे ऐकून सभास्थानातले लोक संतापले, त्यांनी त्याला गावाबाहेर काढले आणि कड्यावरून लोटून देण्यासाठी डोंगराच्या टोकापर्यंत नेले. ज्या माणसांची मने त्याच्याविषयी अशी पालटू शकत होती, त्याच माणसांच्या गावात तो लहानाचा मोठा झाला होता आणि त्यांच्याच बरोबर बसून शास्त्रपाठ ऐकण्याचा त्याचा परिपाठ होता. देवाच्या पुत्राला पित्याशी बोलण्यासाठी सभास्थानाची गरज होती असे कोणी म्हणणार नाही, तरीही तो जात राहिला. आपल्या मंडळीतली माणसे आपल्या मनासारखी नाहीत, एवढ्या कारणावरून घरी बसावेसे वाटते तेव्हा मी हा अध्याय काढून वाचते.

मला स्वतःला एकत्र उपासनेचे सर्वांत मोठे मोल यात दिसते की, तेथे आपल्याला दुसऱ्याच्या विश्वासाचा आधार मिळतो आणि आपण नकळत आपल्या विश्वासाचा आधार दुसऱ्याला देत असतो. वडील गेल्यानंतरचे काही महिने मला प्रार्थना सुचत नव्हती. घरी बायबल उघडले तरी ओळींवरून नजर नुसती फिरत असे आणि 'प्रभू' एवढे म्हटल्यावर पुढचा शब्द येत नसे. त्या काळात मी रविवारी चर्चला जात होते ते केवळ आईला सोबत म्हणून. उपासनेत विश्वासांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरलेली कबुली, म्हणायची वेळ आली की सगळी मंडळी उभी राही आणि मीही उभी राही, पण माझे ओठ मिटलेले असत. शेजारी बसणाऱ्या एका वयस्क मावशींच्या ते लक्षात आले असावे. त्यांना सगळी गीते तोंडपाठ आहेत, पुस्तक त्या कधी उघडत नाहीत. पण त्या दिवसांत दर गीताला त्या पुस्तक उघडून माझ्यापुढे धरत आणि ज्या ओळीवर मंडळी असे त्या ओळीखाली बोट ठेवून स्वतः गात राहत. मला त्यांनी गायला सांगितले नाही, काही विचारलेही नाही. 'शरीराच्या पुनरुत्थानावर मी विश्वास ठेवतो' हे वाक्य त्या महिन्यांत माझ्या वतीने मंडळी म्हणत होती, आणि जेव्हा ते पुन्हा माझ्या तोंडी आले, तेव्हा ते मला एकटीने शोधून काढावे लागले नाही. ते तेथे चालूच होते, मी त्यात फक्त आवाज मिळवला. घरी, दार लावलेल्या खोलीत, त्या दिवसांत माझ्यासाठी कोण म्हणणार होते?

आपल्या आधीच्या ख्रिस्ती लोकांनी एकत्र येण्याची केवढी किंमत मोजली, हे पाहिले की मन नम्र होते. इ. स. 112 च्या सुमारास बिथुनिया-पंत प्रांताचा रोमी सुभेदार प्लिनी याने सम्राट त्राजान याला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र गातात, चोरी, व्यभिचार, विश्वासघात करणार नाही अशी शपथ घेतात आणि पुढे पुन्हा भोजनासाठी एकत्र येतात, असे त्याने चौकशीतून मिळवलेल्या माहितीवरून कळवले आहे. उजाडण्यापूर्वीची ही वेळ हौसेची नव्हती. त्या काळी रविवार हा कामाचा दिवस होता आणि जमणाऱ्यांत गुलामही होते, म्हणजे धन्याचे काम सुरू होण्याआधीच उपासना उरकायला हवी होती. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी रोममध्ये जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या सभेचे वर्णन लिहून ठेवले. प्रेषितांच्या आठवणींचे आणि संदेष्ट्यांच्या लेखांचे वाचन, मग अध्यक्षाचा बोध, मग सर्वांनी उभे राहून केलेली प्रार्थना, मग भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस, आणि लोकांनी मोठ्याने म्हटलेले 'आमेन'. आज पुण्यातल्या किंवा नगर जिल्ह्यातल्या एखाद्या चर्चमध्ये रविवारी जे होते, त्याचा सांगाडा तोच आहे. जस्टिन आणखी दोन गोष्टी सांगतो आणि त्या मला विशेष मोलाच्या वाटतात: जमा झालेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांची काळजी घेतली जात असे, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक प्रभुभोजनाचा, म्हणजे त्या भाकरीचा आणि द्राक्षारसाचा, वाटा घेऊन जात.

इ. स. 303 मध्ये सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती सभांवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी आजच्या ट्युनिशियातील अबितिना या गावचे 49 जण एका घरात रविवारची उपासना करत असताना पकडले गेले आणि त्यांना कार्थेजला नेण्यात आले. बंदी असताना तू या लोकांना आपल्या घरात का येऊ दिलेस, असे विचारल्यावर एमेरितस नावाच्या, उपासनेत शास्त्रपाठ वाचणाऱ्या वाचकाने सांगितले की, ते माझे भाऊ आहेत, मी त्यांना अडवू शकत नव्हतो, आणि प्रभूच्या दिवसाच्या या भोजनाशिवाय आम्ही राहू शकत नाही. मनात विश्वास ठेवायला त्या राजाज्ञेची अडचण नव्हती. घरात एकट्याने, मूकपणे प्रार्थना केली असती तर त्यांना कोणी हातही लावला नसता. त्यांना धरले गेले ते जमल्याबद्दल. आपल्याला रविवारी सकाळी रिक्षा मिळत नाही किंवा गाडी लावायला जागा मिळत नाही, एवढाच अडथळा असतो.

उपासनेचा क्रम हा पुष्कळांना कोरडा वाटतो. माझी आजी नगरकडची, अमेरिकन मराठी मिशनच्या काँग्रिगेशनल वळणात वाढलेली. छापील प्रार्थना तिला परकी वाटे, कारण तिच्या मंडळीत कोणीही वडीलजन उभे राहून मनातली प्रार्थना करत. लग्नानंतर मी अँग्लिकन वळणाच्या मंडळीत आले आणि तेथे प्रार्थनापुस्तकाचा क्रम पाहिला. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात उत्तर भारतातील सहा परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, त्यामुळे ही दोन्ही वळणे आता एकाच घरची आहेत. दोन्हींत वाढल्यावर मी आता ठरलेल्या प्रार्थनेची बाजू घेते. पापांगीकाराच्या वेळी आपण 'विचाराने, शब्दाने आणि कृतीने पाप केले आहे' हे सगळे मिळून म्हणतो, तेव्हा मला माझ्या पापांची निवड करता येत नाही. घरी मी तीच कबूल करते जी मला आधीच दिसलेली असतात, बहुधा तीच तीच. मंडळीत माझ्या ध्यानीमनी नसलेल्या गोष्टींचीही आठवण होते आणि पुढच्या बाकावरचा माणूस, ज्याला मी आठवडाभर मनात दोष देत आले, तोही तेच शब्द म्हणत असल्याचे कानांवर पडते. मग पाळकसाहेब पापक्षमेचे वचन उच्चारतात आणि ते दोघांनाही एकदमच मिळते. स्वतःला क्षमा झाल्याचे स्वतःच सांगणे आणि ते बाहेरून, दुसऱ्याच्या तोंडून, देवाच्या नावाने ऐकणे, यांत मला जमीन-अस्मानाचा फरक जाणवतो.

वसईच्या कॅथलिक बांधवांचा अनुभव याला जोडून सांगण्यासारखा आहे. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला आणि लोकभाषेला वाट मोकळी झाली. तोपर्यंत मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची प्रभुभोजनाची उपासना, लॅटिनमध्ये होत असे. मराठीतून मिस्सा सुरू झाल्यावर लोकांचे काम नुसते हजर राहण्याचे उरले नाही, ते उत्तर देण्याचे झाले. एका प्रोटेस्टंट बाईने हे लिहावे याचे कोणाला नवल वाटेल, पण वसईतल्या एका नात्यातल्या लग्नात सगळे देऊळ एका आवाजात मराठीतून प्रतिसाद देताना ऐकले, तेव्हा आपण परक्या घरी आहोत असे मला क्षणभरही वाटले नाही.

आता गाण्याविषयी. मराठी मंडळीचे गाणे हे तिचे खरे धर्मशिक्षण आहे, असे माझे ठाम मत आहे. सुरुवातीच्या काळात पाश्चात्त्य चालींवर बेतलेली भाषांतरित गीते पुष्कळ होती. मात्रा आणि सूर यांची ओढाताण होई. कवी नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढे नगरला राहून त्यांनी अभंग, ओवी, पदे यांच्या मराठमोळ्या वळणात भक्तिगीते लिहिली. त्यांच्या आधी आणि नंतरही इतरांनी हे काम केले, पण आजही पेटीवाल्याने सूर धरला की निम्म्या वेळा गीत टिळकांचेच असते. ज्या बायकांना अक्षरओळख नव्हती, त्यांनी अवतार, तारण, पवित्र आत्मा यांविषयी जे काही ठाऊक करून घेतले ते मंडळीत बसून, तबल्याच्या ठेक्यावर, झांजांच्या साथीने. भजनात धृपद पुन्हा पुन्हा घोळवले जाते आणि दर फेरीला कोणीतरी नवा आवाज त्यात येऊन मिळतो. मोबाइलवर हे होत नाही, कारण तेथे गाणारे ठरलेले असतात आणि घरातला माणूस ऐकतो. आमच्या घरी लॉकडाऊनमध्ये सुरुवातीला आम्ही चौघे पडद्याबरोबर मोठ्याने गात होतो. हळूहळू आवाज उतरत गेला आणि नाताळच्या सुमारास कोणीच गात नव्हते.

दौंड तालुक्यातील केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली जे आध्यात्मिक नवजागरण झाले, त्याची सुरुवातही अशीच जमण्यापासून झाली. रमाबाईंनी वर्षारंभी बायकांना आणि मुलींना रोज एकत्र प्रार्थनेला येण्याचे आवाहन केले, प्रथम थोड्या आल्या, मग संख्या वाढत गेली, आणि जूनच्या अखेरीस शेकडो जणी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. यांतल्या कितीतरी जणी दुष्काळात घरदार गमावून तेथे आलेल्या होत्या. ज्यांना समाजात शब्द नव्हता त्यांना तेथे सर्वांसमोर देवाशी बोलता आले, आणि एकीचे रडणे दुसरीने ऐकले. अशा सामुदायिक प्रार्थनेतल्या कोलाहलाची आमच्या वळणाच्या लोकांना थोडी भीती वाटते, हे खरे आहे. पण केडगावच्या त्या मुलींना कोणी 'आपापल्या खोलीत जाऊन हळू आवाजात प्रार्थना करा' असे सांगितले असते, तर त्यांतल्या बहुतेकींना स्वतःची खोली म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते.

प्रभूच्या मेजापाशी, म्हणजे प्रभुभोजनात, एकत्र उपासनेची सर्वांत कठीण बाजू समोर येते. करिंथच्या मंडळीला प्रेषित पौलाने पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात झाडले ते यासाठीच. तेथे सधन लोक आधी येऊन खाऊन घेत आणि उशिरा येणारे उपाशी राहत. पौलाने शेवटी दिलेली सूचना अगदी साधी आहे: भोजनास एकत्र याल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. आपल्याकडे ही वाट पाहणे जातीने अडवले होते. नगर जिल्ह्यातील गावोगावच्या मंडळ्यांत बहुसंख्य माणसे महार आणि मांग समाजांतून आली. त्यांच्या पिढ्यान् पिढ्यांनी गावच्या विहिरीवर पाय ठेवला नव्हता. कवी टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा बाप्तिस्मा पतीनंतर पाच वर्षांनी, 1900 मध्ये झाला, आणि त्या वाटेवर त्यांना आधी दुसऱ्याच्या हातचे अन्नपाणी घेण्याचा प्रश्न सोडवावा लागला होता. मेजावरच्या भाकरीपर्यंत पोहोचण्यासाठी आधी पाण्याचा तांब्या ओलांडायचा होता. चर्चच्या दाराशी जात आपोआप गळून पडली असे मी मुळीच म्हणणार नाही. लग्न जुळवताना, कमिटीची निवडणूक आली की ती आपल्यातही डोके वर काढते आणि याची आपल्याला लाज वाटायला हवी. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी ज्या क्षणी सगळे एकाच रांगेत गुडघे टेकतात आणि एकाच ताटातली भाकर हातावर घेतात, त्या क्षणी ती जात खोटी ठरते, आणि दर महिन्याला ती पुन्हा खोटी ठरवावी लागते. कोरोनात आपण घरचा पाव आणि सरबत पुढे ठेवून पाळकसाहेबांचे शब्द ऐकले. तेव्हा दुसरा उपाय नव्हता. परंतु त्या मेजाभोवती फक्त आपलेच कुटुंब होते; ज्याच्याबरोबर जेवायला बसणे आपल्याला जड जाते असे कोणी तेथे नव्हते.

आमच्या गावाकडच्या मंडळीत दोन चुलतभावांचा बांधावरून वाद होता. प्रकरण कोर्टात गेलेले, घरांतले बोलणे बंद. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातले वचन, अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करावा, हे दोघांनाही पाठ होते, कारण दोघेही शब्बाथ शाळेत शिकलेले. कित्येक वर्षे त्यांतला एक जण प्रभुभोजनाच्या रविवारी बाहेर चिंचेखाली थांबत असे, आत येत नसे. वाद शेवटी मिटला तो निकालाने. दोघांची मने जुळली असा दावा मी करत नाही. पण त्या सगळ्या वर्षांत तो माणूस चर्चच्या आवारापर्यंत मात्र येत राहिला, आणि भाकर घेण्यापासून स्वतःला दूर ठेवणे हेही त्याच्या बाबतीत वचन गंभीरपणे घेणेच होते. घरी बसून उपासना पाहणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही.

हंगामाच्या सणाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. गावाकडे त्या रविवारी वेदीपुढे ज्वारीची कणसे, भोपळे, मेथीच्या जुड्या, अंडी, कोंबडी, कोणाच्या घरच्या पापडाची चळत असे मांडलेले असते आणि उपासनेनंतर आवारात लिलाव होतो. मला आठवतो तो एका विधवा बाईने आणलेला दुधी. लांबीला जेमतेम वीतभर, एका बाजूला किडलेला. तिच्या परसात वेलाला तेवढाच लागला होता. लिलाव पुकारणाऱ्या मास्तरांनी तो दोन्ही हातांनी उचलून धरला आणि बोली सुरू केली. एकाने घेतला आणि परत दान केला, दुसऱ्याने घेतला आणि त्यानेही परत ठेवला, असा तो कितीतरी हातांतून फिरला आणि दिवसातली सर्वांत मोठी रक्कम त्याच्यावर जमली. ती बाई बायकांत मागे बसून सगळे पाहत होती. तिने घरच्या घरी देवाचे आभार मानले असते तर देवाने ते ऐकलेच असते, पण तिचे देणे मंडळीने असे मानाने उचलून धरलेले तिला दिसले नसते, आणि आम्हां मुलांनाही दिसले नसते.

मंडळीत भांडणे असतात, मालमत्तेचे वाद असतात, प्रवचन कधी कधी लांबते आणि विषय सोडून भरकटते. कमिटीच्या राजकारणाला कंटाळून घरी बसलेल्या चांगल्या माणसांचे दुःख मला समजते आणि त्यांची समजूत घालणे सोपे नाही. त्यांना मी एवढेच म्हणते की, इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्याने दहाव्या अध्यायात 'एकत्र मिळणे' सोडू नका असे सांगितले, ते सोडण्याची चाल त्या काळीही कित्येकांना पडलेलीच होती म्हणून. ते पत्र ज्यांना लिहिले त्यांनी छळ, लूट आणि अपमान सोसला होता. त्यांची मंडळी आदर्श आहे असे सांगून त्याने त्यांना बोलावले नाही. एकमेकांना उत्तेजन द्यायला या, असे त्याने सांगितले, म्हणजे ज्याचे मन खचले आहे त्याची तेथे गरज आहे आणि ज्याचे खचलेले नाही त्याचीही.

जे खरोखरच येऊ शकत नाहीत, त्यांचा विचार मात्र वेगळा करावा लागेल. अंथरुणाला खिळलेले, डायलिसिसवर असलेले, आजारी माणसाला सोडून निघता न येणारे, रविवारीही पाळीवर जाणारे असे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यासाठी ऑनलाइन प्रक्षेपण बंद करू नये या मताची मी आहे. पण केवळ प्रक्षेपणावर त्यांना सोडून देणे म्हणजे जस्टिनच्या काळातल्या मंडळीने जे केले त्यातले अर्धेच करणे होय. आमच्या महिला मंडळाने यावर एक व्यवस्था बसवली आहे. घरी असलेल्यांची यादी पाळकसाहेबांकडे असते आणि दर घराला मंडळीतली दोन कुटुंबे नेमून दिलेली आहेत. प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकसाहेब दुपारी घरोघर जातात तेव्हा ती कुटुंबे त्यांच्याबरोबर जातात. पलंगाभोवती पाचसहा माणसे उभी राहतात, सकाळच्याच शास्त्रपाठातला काही भाग वाचला जातो, एक भजन म्हटले जाते, आणि आजारी माणसाने सांगितलेले प्रार्थनेचे विषय पुढच्या रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत घेतले जातात. सध्या या कामाला तरुण माणसे कमी पडतात, कारण दुपारची वेळ त्यांना सोयीची नसते. संध्याकाळी सहाची वेळ ठेवावी अशी सूचना आली आहे आणि पुढच्या बैठकीत तिच्यावर निर्णय व्हायचा आहे.